दहाव्या पायरीवरची संख्या

१२३४५६७८९१०९८७६५४३२१

ही संख्या पाठ करावी लागत नाही. एकपासून दहापर्यंत एकेक पायरी चढायची आणि आलो तसं उतरून परत एकवर यायचं. एकूण आकडे वीस. आपल्या पद्धतीने स्वल्पविराम दिले की ती अशी दिसते: १,२३,४५,६७,८९,१०,९८,७६,५४,३२१. मला ही मांडणी फार आवडते. तीन-तीन आकड्यांचे गट पाडले तर मधला दहा ९१० मध्ये अडकून पडतो. शेवटचे तीन आणि मग दोन-दोन, या आपल्या रीतीत मात्र त्याला स्वतःचं घर मिळतं. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावतीत दशमान स्थानांची नावं दिली, ती अठराव्या स्थानाशी, म्हणजे परार्धाशी थांबतात. आपली संख्या त्याच्या दोन स्थानं पुढे जाते. एकशे तेवीस परार्ध, आणि वर आणखी बरंच काही.

आणि ती मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, एवढे दोघे सोडले तर कुठलीही पूर्ण संख्या तिला निःशेष भागत नाही.

बरेच दिवस मी या संख्येच्या नादात आहे. तिच्याहून मोठ्या मूळ संख्या अगणित आहेत. त्या कधी संपत नाहीत हे युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये जी विक्रमी मूळ संख्या जाहीर झाली, ती २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून एक वजा करून मिळते आणि तिच्यात ४,१०,२४,३२० आकडे आहेत. त्या शोधामागचे कष्ट मोठे आहेत, मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण चार कोटी आकड्यांच्या संख्येशी ओळख होत नाही. वीस आकडी संख्या डोक्यात मावते. लोकलमध्ये उभ्या उभ्या मनात म्हणता येते, बसायला जागा मिळाली तर चौकटीच्या वहीत मांडून तिच्याशी थोडं झटताही येतं. माझा जीव अशा संख्यांवर आहे.

या संख्येकडे जायचा माझा रस्ता डोंबिवलीवरून गेला. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर हे नाव ६१७४ या संख्येमुळे जगभर पोचलं. जन्म १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्यात फर्ग्युसनला, आणि मग १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर. मुंबईकरांनी त्यांची आठवण आणखी एका कारणासाठी ठेवावी असं मला वाटतं. मुंबईपासून तीस मैलांवर, तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर डेम्लो नावाचं स्टेशन होतं. आजचं डोंबिवली. तिथे त्यांना संख्यांच्या एका कुळाचा अभ्यास करायची कल्पना सुचली, आणि त्या कुळाला त्यांनी स्टेशनचंच नाव दिलं: डेम्लो संख्या. १६५, २५५३, ४७७७३ अशा त्या संख्या. कडेच्या दोन आकड्यांची बेरीज करा, तोच आकडा मध्ये उभा असतो, कधी एकदा तर कधी ओळीने. के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर त्यांनी या संख्यांचा सिद्धान्त मांडला आणि तो १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापून आला. राजाबाई टॉवरखालून जाताना मला हे हमखास आठवतं. डोंबिवली स्टेशनवर कुठेतरी मोठ्या अक्षरांत १२३२१ लिहायला हवं, असंही मनापासून वाटतं. रोज लाखो माणसं जिथून चढतात-उतरतात, तिथे एका मास्तरांना गणित सुचलं होतं.

१२३२१ च का? तर या कुळातल्या सगळ्यात देखण्या संख्या त्या: १, १२१, १२३२१, १२३४३२१. यांना अद्भुत डेम्लो संख्या म्हणतात. (१२३२१ मध्ये कडा १२ आणि २१ अशा धरायच्या: बेरीज ३३, आणि मध्ये ३.) अकराचा वर्ग १२१, एकशे अकराचा वर्ग १२३२१, हे शाळेत अनेकांनी करून पाहिलेलं असतं. असं का होतं हे मात्र शाळेत सहसा सांगत नाहीत, आणि खरी मजा तिथेच आहे. १११ ला १११ ने गुणताना आपण १११ तीनदा लिहितो, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून. मग उभी बेरीज. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ येतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, आणि पुढे रकाने पुन्हा रिकामे होत जातात: दोन, एक. बेरजा १, २, ३, २, १. संपलं. नऊ वेळा १ लिहून त्या संख्येचा वर्ग केला तर सर्वात भरलेल्या रकान्यात नऊ एक येतात, आणि उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत चढणं, नऊपासून एकपर्यंत उतरणं. कारण समोर उघडं आहे: कुठल्याच रकान्यात बेरीज नवाच्या वर गेली नाही, म्हणून हातचा घ्यावाच लागला नाही.

दहाव्या पायरीला मात्र हातचा येतो. दहा एक लिहून वर्ग करा. मधल्या रकान्याची बेरीज दहा, म्हणजे शून्य लिहून हातचा एक. तो शेजारच्या नवाला जाऊन मिळाला की त्याचेही दहा होतात, पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक, आणि आठाचे नऊ. उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. एकोणीस आकडे, आणि मधोमध तो जिना ढासळलेला. आठ गायब, दोन शून्यं घुसलेली.

आता हातचा घ्यायचाच नाही असं ठरवा. रकान्यात दहा आले ना, मग दहाच लिहा, दोन्ही आकडे, जसेच्या तसे. जिना पुन्हा सरळ होतो, फक्त आकडे एकोणिसाचे वीस होतात. गणिताच्या नियमाने हे चूक आहे. अशी लिहिलेली संख्या त्या वर्गाचं उत्तर नव्हे. दहाने दोन घरं अडवल्यामुळे त्याच्या डावीकडचा प्रत्येक आकडा एकेक स्थान पुढे ढकलला गेला, आणि हाती आलेली संख्या कुठल्याच गुणाकारातून आलेली राहिली नाही. तीच आपली मूळ संख्या. पहिल्या पायरीवर नुसता एक, दुसरीपासून नववीपर्यंत प्रत्येक संख्या पूर्ण वर्ग, म्हणजे मूळ असण्याची शक्यताच नाही. आणि दहावीला, वर्गाचा आधार सुटल्याबरोबर, मूळ.

वर्गाची एक खूण तरीही मागे राहते. नऊने भागून बाकी काढताना आकडा कोणत्या स्थानी आहे याने काही फरक पडत नाही. फक्त आकड्यांची बेरीज बघायची. हातचा घ्या किंवा घेऊ नका, नवाच्या लेखी सारखंच. एकपासून एखाद्या संख्येपर्यंत चढून परत उतरलं तर सगळ्या पायऱ्यांची बेरीज त्या सर्वात वरच्या संख्येच्या वर्गाइतकी होते. दहापर्यंत गेलो, बेरीज शंभर. शंभराला नऊने भागून बाकी एक. आपल्या संख्येच्या सुट्या आकड्यांची बेरीज ९१, बाकी एकच. यावरून एक कामाची गोष्ट लगेच कळते. वरची पायरी तिनाच्या पाढ्यातली असेल, बारा, पंधरा, अठरा, तर अशा जिन्याच्या संख्येला नऊने भाग जाणारच. तिथे मूळ संख्या शोधायलाच नको.

भागाकाराच्या कसोट्या मी लोकलमध्येच केल्या. दोन आणि पाच लगेच बाद, कारण शेवटचा आकडा १. तीन बाद, आत्ताच पाहिलं. सात, अकरा आणि तेरा यांच्यासाठी मला एक जुनी युक्ती अतिशय प्रिय आहे. ७, ११ आणि १३ यांचा गुणाकार १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाडायचे, एक गट मिळवायचा, पुढचा वजा करायचा, पुन्हा मिळवायचा, असं शेवटपर्यंत जायचं. ३२१ वजा ६५४, अधिक ९८७, वजा ९१०, अधिक ६७८, वजा ३४५, अधिक १२. उत्तर ८९. वीस आकडी संख्या दोन आकड्यांवर आली. ८९ ला सातने भागून ५ उरतात, अकराने १, तेराने ११. तिघेही बाद. हेच गट सगळे मिळवून ९९९ च्या मदतीने सदतीसचीही कसोटी होते, आणि सदतीसनेही भाग जात नाही.

पण या वाटेने किती जाणार? एखादी संख्या मूळ आहे हे भागून भागूनच ठरवायचं तर तिच्या वर्गमूळापर्यंत जावं लागतं. आपल्या संख्येचं वर्गमूळ साधारण ३५१ कोटी. तिथपर्यंतच्या मूळ संख्याच सोळा-सतरा कोटी आहेत. मिनिटाला एक भागाकार, रात्रंदिवस, न चुकता केला तरी तीनशेहून जास्त वर्षं लागतील. संगणक हे काम पाहता पाहता करतो, आणि नुसत्या भागाकारापेक्षा शहाणी पद्धतही आपल्याकडे आहे.

तिचं मूळ १६४० मध्ये आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पिएर द फर्मा याने एका पत्रात लिहिलं: मूळ संख्येतून एक वजा करा, २ चा तितका घात घ्या, त्यातून एक वजा करा, जे उरेल त्याला त्या मूळ संख्येने पूर्ण भाग जातो. (ती मूळ संख्या २ सोडून दुसरी कुठलीही.) आपल्या संख्येसाठी हा घात प्रत्यक्ष काढायचा तर कागद कुणालाच पुरणार नाही, पण काढावा लागत नाही. वर्ग करायचा, बाकी घ्यायची, पुन्हा वर्ग, पुन्हा बाकी. ही संख्या द्विमान पद्धतीत बरोबर ६४ अंकी आहे, त्यामुळे असे ६३ वर्ग आणि मध्ये मध्ये एखादी दुप्पट, एवढ्यात काम होतं. सतरा कोटी भागाकारांच्या जागी ६३ वर्ग. माणसाच्या बुद्धीने केलेल्या बचतींमध्ये ही मला फार वरची वाटते.

या कसोटीला एक भोक आहे. ३४१ ही संख्या ११ गुणिले ३१ आहे, तरी २ च्या या परीक्षेतून सुटते. भोक बुजवायचे अनेक मार्ग निघाले. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच गणिती ल्युका याने दाखवलेल्या वाटेवर दिलेल्या संख्येतून एक वजा करून उरलेल्या संख्येचे अवयव पाडायचे असतात. आपल्या संख्येतून एक वजा केला तर काय मिळतं, ते बघायला म्हणून मी पेन्सिल घेतली आणि मग बराच वेळ त्या पानावरून उठवेना.

१२३४५६७८९१०९८७६५४३२०. शेवटी वीस आहे, म्हणून आधी वीसने भागलं. उत्तर आलं ६१७२८३९४५५४९३८२७१६.

हे दोन-दोन आकड्यांनी वाचा: ६१, ७२, ८३, ९४, ५५, ४९, ३८, २७, १६. आता उजवीकडून उलटं वाचा. तीच संख्या. मूळ संख्या स्वतः उलटसुलट सारखी नाही. मधला दहा उलटा वाचला की शून्य-एक होतो आणि तोल जातो. पण एक काढून वीसने भागलं की अठरा आकड्यांचा अचूक आरसा समोर येतो. कारण शोधलं तर तेही सापडतं: १२३४५६७८९ चं निम्मं ६१७२८३९४ आणि वर अर्धा, ९८७६५४३२० चं निम्मं ४९३८२७१६०, आणि अर्ध्याला मधल्या दहातून पाच-पाच अशी जोड मिळते. सगळं जागेवर बसतं. आरशाचा आणखी एक फायदा: जिच्यातले आकडे मोजले तर सम भरतात अशी कुठलीही उलटसुलट संख्या अकराने विभाज्य असते, आणि इथे आकडे अठरा. म्हणजे अकराने भाग जाणार हे भागाकार करण्याआधीच कळलं. पूर्ण मांडलं तर एक वजा केलेली संख्या म्हणजे ७२० गुणिले ११ गुणिले १,५५,८७,९७,८४,२२,९६,४२१. आणि ७२० म्हणजे एकपासून सहापर्यंतच्या सगळ्या संख्यांचा गुणाकार.

मूळ संख्येचे भाग पडत नाहीत, म्हणून तिच्याबद्दल बोलण्यासारखं काही नसेल असं वाटू शकतं. तिचे गुण दिसतात ते इतर संख्यांशी तिचं जे वागणं असतं त्यात. आपल्या संख्येचे शेवटचे दोन आकडे २१, म्हणजे चारने भागून बाकी एक. एवढ्यावरून कळतं की ती दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येते, आणि तेही एकाच प्रकारे. १३ म्हणजे ४ अधिक ९, २९ म्हणजे ४ अधिक २५, ४१ म्हणजे १६ अधिक २५, तशी ही. हेही फर्माने सांगितलं आणि पुढे ऑयलरने सिद्ध केलं. ‘एकाच प्रकारे’ हे शब्द मोलाचे आहेत. ऑयलरकडे १०,००,००९ ही संख्या होती: हजाराचा वर्ग अधिक तिनाचा वर्ग. पण तीच संख्या २३५ चा वर्ग अधिक ९७२ चा वर्गही आहे. दोन प्रकार निघाले, म्हणजे ती मूळ असूच शकत नाही. आणि खरंच ती २९३ गुणिले ३४१३ आहे. ही पद्धत पहिल्यांदा वाचली तेव्हा मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नव्हतं. एकही भागाकार न करता, नुसते वर्ग जुळवून, आतला सांधा कुठे आहे ते कळतं.

आणखी एक. एकाला सातने भागलं की दशांश चिन्हापुढे १४२८५७ हे सहा आकडे फिरत राहतात. सातपेक्षा एक कमी, जास्तीत जास्त जितके फिरू शकतील तितके. आपल्या संख्येने एकाला भागलं तर? इथे चाळीसने भागून येणारी बाकी बघायची. ३२१ ला चाळीसने भागलं की एक उरतो. गाऊसने १७९६ मध्ये, विशीही पुरी व्हायच्या आत, वर्गांच्या बाक्यांबद्दलचा जो नियम सिद्ध केला, त्यावरून मग कळतं की या संख्येने भागताना दहा ही कुठल्यातरी वर्गाची बाकी असते, आणि म्हणून फिरणाऱ्या आकड्यांची लांबी निम्म्याहून पुढे जात नाही. ते निम्मं म्हणजे ६१,७२,८३,९४,५५,४९,३८,२७,१६०. तोच आरसा, पुढे एक शून्य लावून.

माझी भाची नववीत आहे. दादरहून मुलुंडला येताना गाडीत मी तिला हे सगळं सांगत होते. तिने वही घेतली, १००१ ची युक्ती स्वतः करून पाहिली, ८९ आले तेव्हा खूश झाली. मग विचारलं, "मावशी, पण ती मूळ का आहे?"

"भाग जात नाही म्हणून."

"ते कळलं गं. नऊपर्यंतच्या वर्ग का आहेत ते तू सांगितलंस, हातचा येत नाही म्हणून. अकराने भाग का जातो तेही सांगितलंस. तसं हिचं काय? ही मूळ का?"

विक्रोळी गेलं, कांजूरमार्ग गेलं, आणि तिचा प्रश्न किती बरोबर आहे हे माझ्या लक्षात येत गेलं. या संख्येभोवतीच्या प्रत्येक गोष्टीला कारण आहे. जिन्याला कारण आहे, आरशाला आहे, नऊने भागून एक उरण्याला आहे. मूळ असण्याला सिद्धता आहे, कुणालाही तपासता येईल अशी, पण कारण नाही. एकपासून दहापर्यंत चढून उतरणं आणि मूळ असणं यांना जोडणारा कुठलाही धागा नाही. जिना हा आपल्या लिहिण्यातला आहे. आपण दहाच्या पटीत लिहितो म्हणून तो दिसतो. बाराच्या पटीत लिहिणाऱ्या कुणी ही संख्या लिहिली तर त्यांना त्यात जिना दिसणार नाही. मूळ असणं मात्र कुठल्याही लिपीत, कुठल्याही पद्धतीत तसंच राहतं. देखणं रूप आपण दिलेलं आणि स्वभाव तिचा स्वतःचा, आणि दोन्ही एका ठिकाणी येण्याला योगायोगाखेरीज नाव नाही.

योगायोग केवढा, हेही मोजता येतं. १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पुसँ यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे जो सिद्धान्त सिद्ध केला, त्यावरून या संख्येच्या आसपास साधारण दर ४४ संख्यांमध्ये एक मूळ असते. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा बाद झाल्यावर हा हिशोब आठात एकपर्यंत येतो. म्हणजे आठातल्या एका शक्यतेने ही मूळ निघाली. दैवी चमत्कार म्हणण्याइतकं हे दुर्मीळ नाही. पण पुढे बघितलं तर छाती दडपते. अकरापर्यंत चढून उतरा, मूळ नाही. बारा, तेरा, शंभर, हजार, नाही. पुढचा उमेदवार २०१५ मध्ये श्याम सुंदर गुप्ता यांना मिळाला: एकपासून २४४६ पर्यंत चढून परत एकपर्यंत. १७,३५० आकडे. मधल्या एकाही पायरीवर मूळ संख्या नाही.

मूळ संख्यांच्या विखुरण्यामागचं गूढ जिथे जाऊन थांबतं, त्या रीमानच्या झीटा फलावर (फल म्हणजे फंक्शन) १९५६ मध्ये मुंबईत एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. सेलबर्ग आले होते. मूळ संख्यांच्या घनतेचा तो १८९६ चा सिद्धान्त प्राथमिक साधनांनी सिद्ध करून दाखवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे त्याच संस्थेत के. रामचंद्र वर्षानुवर्षं झीटा फलावर काम करत राहिले, आणि १९७८ मध्ये त्यांनी आर. बालसुब्रमण्यन यांच्याबरोबर हार्डी आणि रामानुजन यांच्या नावाचं नियतकालिक सुरू केलं. कुलाब्याच्या टोकाला, नेव्ही नगरच्या पलीकडे ही संस्था आहे. आपल्या शहरात असं काम झालं आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो याचं वाईटही वाटतं. २००२ च्या ऑगस्टमध्ये कानपूरच्या आयआयटीतून मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी मूळ संख्या ओळखायची अशी रीत दिली की जिला नशिबाची, अंदाजाची किंवा न सुटलेल्या कुठल्याही अटकळीची गरज नाही, आणि जी आकडे वाढले तरी वेळेच्या आटोक्यात राहते. कयाल आणि सक्सेना नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडले होते. संख्या मूळ आहे का, या प्रश्नाला झटपट आणि खात्रीचं उत्तर असू शकतं, हे तिथे कायमचं ठरलं. का आहे, हा माझ्या भाचीचा प्रश्न त्यातही येत नाही, आणि मला वाटतं येऊही शकत नाही.

मी तिला एवढंच सांगितलं की कारण नाही, फक्त तसं आहे. तिला ते पटलं नाही. मला बरं वाटलं. नववीत पटू नयेच.

घरी आल्यावर तिने अकराव्या पायरीची संख्या लिहिली: १२३४५६७८९१०१११०९८७६५४३२१. चोवीस आकडे. तीन-तीनचे गट पाडले, मिळवत-वजा करत गेली, उत्तर आलं १८९. सात सत्तावीस एकशे एकोणनव्वद. अकरावी सातानेच पाडली, चार ओळींत. बारावी तिने लिहिलीही नाही, तिनाचा पाढा. तेराव्या पायरीला बत्तीस आकडे येतात. तिथे गटांचं उत्तर निघालं वजा दोन, म्हणजे सात नाही, अकरा नाही, तेराही नाही. सदतीसनेही जमलं नाही. हिचे अवयव आहेत हे तिला ठाऊक आहे, कारण २४४६ च्या आधी दहाखेरीज कुणीच मूळ नाही. ते कुठे आहेत हे तिला स्वतः शोधायचं आहे, आणि संगणकाला विचारायचं नाही असं तिने मला बजावलंय. सतराने भागून झालं, सोळा उरले. आता ती एकोणीसला लागली आहे.